लोहगडाकडचा पाय

लोहगडवाडी
मार्गशीर्ष महिना, सन १९३८

इंदे,

तुझा कागद पोचला. चार पानांचा. त्यातली दीड पानं 'मावशी, सतरा वर्षांत पत्र लिहिलं नाही, क्षमा करा' यातच गेली. केली क्षमा. पुन्हा त्यात शाई घालू नको. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते. तुझे वडील आमच्या वाडीत मास्तर होते तवा त्यांनी मला अक्षरं शिकवली, ती तुला दांडपट्टा शिकवायच्या बदल्यात. बदली झाली तवा जोडाक्षरं व्हायची होती. ती राहिली ती राहिलीच. तू लिवलेल्या 'अध्यक्षस्थानी' या एका शब्दापायी माझी भाकरी करपली.

तू लोणावळ्यात मुलींच्या शाळेत मास्तरीण झालीस हे बरं झालं. आता पोरींना पट्टा शिकवायचाय, तर मावशी, आबांचे पट्ट्याचे हात लिहून पाठवा म्हणतीस. लिवून पट्टा येतो व्हय गं? लिवून पोहता येतं का?

आमच्या तालमीची रीत तुला आठवती का न्हाई कोण जाणे. मी डावा-उजवा हे शब्द तिथं कधी काढले न्हाईत. आबा म्हणायचे, पोरांच्या ध्यानात डावं-उजवं राहत न्हाई, गड राहतो. एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला इसापूर, मधी आपली वाडी. पोरांची तोंडं पवनेकडं, माझं तोंड पोरांकडं. 'लोहगडाचा पाय पुढं' म्हटलं की माझाबी पाय लोहगडाकडचा सरकणार आन पोराचाबी. आरशात बघावं तसं. ठोंब्यालासुदिक चुकता यायचं न्हाई. तुझ्या शाळेत लोहगड कुटून आणशील?

आबा जाऊन बारा वर्षं झाली. हौशीराम वस्तादाची लेक म्हणून मी तीस वर्षं तालीम चालवली. दोन भाऊ पिलेगात गेले नसते तर मला कुणी पट्ट्याला हात लावू दिला नसता. दिवाळीपर्यंत तीन पोरं येत होती. दोन मुंबईला गिरणीत गेली. तिसरा कुस्तीला गेला, म्हणतो पट्ट्यात दूध प्यायला मिळत न्हाई. आता तालमीत मी आन मारुती. त्याला सगळे हात येतात.

आबांचे नऊ हात माझ्यामागं कुणालाच येणार न्हाईत. तुझ्या कागदानं हे पुन्हा डोक्यात आलं, म्हणून राग आला. तुझ्यावर न्हाई.

सरू

•

लोणावळे
ता. २ जानेवारी १९३९

सरूमावशींना इंदूचा वाकून नमस्कार.

तुम्ही रागावलात, पण पत्र लिहिलंत. मी ते दोनदा वाचलं आणि ह्यांनाही वाचून दाखवलं. हे 'मारुतीला सगळे हात येतात' ऐकून खूप हसले. हे तसे हौशी आहेत. पट्ट्याला त्यांची हरकत नाही, फक्त 'तुझ्याने होईल का' एवढंच विचारतात.

म्हणून मी काल स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि लाटणं हातात घेऊन उभी राहिले. मावशी, आठच्या आठ हात आले! डोकं विसरलं होतं, हात विसरला नव्हता. माझी नीरजा (नऊ वर्षांची आहे) दाराच्या फटीतून बघत होती. 'आई, तू भांडतेस कुणाशी?' म्हणाली.

नववा मात्र येत नाही. लिंबाचा हात. तो तुम्ही शेवटी शिकवता, आणि त्याच्या आधीच बाबांची बदली झाली. दुसऱ्याच्या तळहातावरचं लिंबू एका फिरकीत दोन फाकी होऊन पडतं आणि तळहाताला ओरखडा नसतो, हे तुम्ही दसऱ्याला करून दाखवलं होतं. मी ते अजून विसरले नाही.

शाळेचं संमेलन २२ फेब्रुवारीला आहे. मुली आठ हात करतील, आणि शेवटी तो एक मी करावा असा मनात विचार आहे. पत्रिकेवर 'कै. हौशीराम वस्ताद यांची परंपरा' असं छापून घेते आहे. लिंबू आमच्या सातवीतली एक धीट मुलगी धरायला तयार आहे.

तेवढा एकच हात लिहून पाठवा. इथल्या पटांगणातून लोहगड दिसत नाही, तेव्हा कृपा करून पाय डावा-उजवा असं लिहा. मी मुलींना तसंच शिकवते.

तुमची,
इंदू

•

लोहगडवाडी
पौष, सन १९३९

इंदे,

आबांचं नाव छापणार म्हणालीस, तिथं मी हरले.

सोपानच्या हाती पट्टा धाडते. माझा लेक आता तळेगावाकडं कामाला जातो, त्याला वाकडी वाट पडंल, पडू दे. पट्टा आबांचा आहे. मुठीवरच्या लोखंडी खोबळ्याच्या आतली गादी मी नवी शिवली. तुझी मूठ बारीक म्हणून चिंधी जास्त भरली.

आता नववा हात. आज सकाळी अंगणात उभी राहिले, हात सावकाश करून बघितला, दर पावलाला थांबले, पायाकडं बघितलं आन तसं लिवलं. सून म्हणली, आत्याबाई, पायात काटा मोडला का?

लिंबू धरणारा गुडघ्यावर. हात लांब, तळवा वर, बोटं मिटलेली न्हाई, सपाट. तू त्याच्यापासनं चार पावलं. सलामी. दोन पावलं चालून फिरकी. फिरकी पुरी झाली की डावा पाय मागं रोवायचा, उजवा पुढं. हे नीट पाठ कर. मागचा पाय रोवला म्हणजे हात आखूड होतो आन पट्ट्याचं टोक लिंबापुरतं पोचतं. पाय उलटा पडला तर पट्टा एक वीत पुढं जाईल. वार लिंबावर करायचा न्हाई, लिंबाच्या वरच्या वाऱ्यावर करायचा. टोक आपोआप उतरतं.

दुसरं. सातवीतली पोरगी नको. लिंबू परक्याच्या हातावर ठेवायचं न्हाई, हा आबांचा नेम. घरच्याच्याच हातावर. परक्याच्या हातावर लिंबू असलं की माणूस लोकांकडं बघतो, घरच्याच्या हातावर असलं की हाताकडं बघतो. आबांसाठी मी धरायची. माझ्यासाठी सोपान धरायचा, सात वर्षांचा असल्यापासनं. माझा तळवा बघ कधी, सोपानचा बघ. एक रेघ जास्तीची न्हाई. तुझी पोर धीट आहे म्हणतीस तर ती धरंल.

पैल्यांदा पाच-पंचवीस लिंबं ओट्यावर ठेवून काप. मग पोर.

झालं की कसं झालं ते कळव. जोडाक्षरं कमी घाल.

सरू

•

लोहगडवाडी
चैत्र, सन १९३९

इंदे,

शाळेचा कार्यक्रम होऊन दोन महिने होत आले. चिठ्ठी न्हाई, चपाटी न्हाई. छापलेला कागद तरी धाडायचास. आबांचं नाव छापल्यालं बघायचं होतं. आपलं नाव छापलंय हे त्यांना जित्तेपणी कळलं असतं तर गावभर दाखवीत फिरले असते.

मी सोपानला भावकीत पट्टा शिकणारा पोरगा हुडकायला सांगितला होता, आता सांगितलं राहू दे, लोणावळ्यात पोरी आहेत. शेजारच्या बजरंगची बायको इचारती, बामणाच्या पोरी खरंच पट्टा फिरवतात का? मी म्हणलं, बारा पोरी, रांगेत. बारा हा आकडा मी मनानंच घातला. बरोबर किती ते कळव.

लिंबू कसं पडलं? दोन फाकी सारख्या पडल्या का एक लहान?

सरू

•

लोणावळे
ता. ९ मे १९३९

सरूमावशींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. संमेलन झालं. मुलींचे आठ हात चांगले झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुली चौदा होत्या.

शाळेत आता पट्टा बंद केला आहे. संस्थेच्या लोकांना लेझीम बरी वाटते. मीही थोडे दिवस रजेवर आहे.

पत्रिका शिल्लक राहिली नाही.

सोपानदादांना उन्हातान्हात इकडे पाठवू नये. पट्टा इथे सुरक्षित आहे.

इंदिरा

•

लोहगडवाडी
आषाढ, सन १९३९

इंदिराबाई,

तू इंदिरा अशी सही केलीस म्हणून मीबी बाई लावते.

मला वाचायला येळ लागतो, पण न लिवल्यालं मी लवकर वाचते. संस्थेच्या लोकांना लेझीम बरी वाटली. वाटंलच. लेझमीत बाई नटून उभी राहती. पट्ट्यात घामाजते. आन पट्टा कुणाकडनं शिकलीस असं कुणी इचारलं तर काय सांगायचं? लोहगडवाडीची एक नवऱ्याला सोडल्याली बाई, लुगड्याचा काचा मारून पोरांत नाचती, तिच्याकडनं. पत्रिका शिल्लक राहिली न्हाई म्हणतीस. आबांचं नाव खोडून घेतलं असशील. खरं सांगितलं असतंस तर मी एक शिवी दिली असती आन गप बसले असते.

पाऊस लागलाय. तालमीचं एक अंग गळतं. हौद्यातली माती चिखल झाली. मी मारुतीवर पोतं टाकून आत बसते आन मोजते, तीस वर्षांत कुणाकुणाला शिकवलं. लोक म्हणतात वस्तादाला शिष्यांचा आधार. ऐक माझे आधार.

गेणू सगळ्यांत चांगला. त्याची फिरकी बघून आबा रडले हुते. तो जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेला. तिथं पट्टा लागत न्हाई, गोळी लागती. ती लागली. दुसरा एक पोलिसात गेला. मी शिकवल्याली लाठी त्यानं झेंडा घेऊन चालल्याल्या पोरांच्या पाठीवर चालवली, आन वर मला येऊन सांगितलं, वस्तादबाई, तुमच्या हाताची सर कुणाला न्हाई. मी त्याला पाणीबी इचारलं न्हाई. तिसरा दारू पितो आन बायकोला मारतो. तिचं मनगट मोडलं तवा मी जाऊन बघितलं. मोड बघितली आन मला कळलं हा चौथा हात आहे. मीच शिकवला हुता. पोरगी माझ्याकडं बघत बसली.

मी हात शिकवते. तो कुटं पडतो ते माझ्या हातात न्हाई. तीस वर्षं हे मला कळलं न्हाई, आता कळून काय करू?

मला वाटलं हुतं, निदान चौदा पोरी. पोरींचा हात कुणावर पडणार न्हाई.

पट्टा परत धाड. सोपान येईल. तुझ्या घरात येणार न्हाई, दारातनं घेईल.

सरू

•

लोणावळे
ता. २० ऑगस्ट १९३९

ती. मावशी,

सोपानदादा आले तेव्हा मी दार उघडलं नाही. हे घरी नव्हते. दादा पायरीवर तासभर बसले आणि गेले. त्यांच्या टोपीतून पाणी गळत होतं ते मी खिडकीतून बघत होते. त्यांना द्यायला माझ्याकडे पट्टा नाही. ह्यांनी तो तलावात टाकला.

तुम्ही जे जे लिहिलंत त्यातलं एकही खरं नाही. आबांचं नाव पत्रिकेवर होतं, पहिल्या ओळीत. ती पत्रिका मी चुलीत घातली. ती घरात असली की नीरजा बघायची.

मी तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. चाळीस लिंबं ओट्यावर कापली. ओटा उंच, तिथे सगळी नीट पडली. थोडी खोल जात होती, दोनदा ओट्याच्या दगडावर ठिणगी उडाली. मला वाटलं, हात तापायचा आहे. २२ तारखेला नीरजा गुडघ्यावर बसली. तिने तळवा सपाट धरला होता. तिने डोळेही मिटले नाहीत. माझ्याकडे बघून हसत होती.

तीन बोटं गेली, मावशी. उजव्या हाताची. अंगठा आणि करंगळी आहे.

टाळ्या वाजत होत्या. मागच्या लोकांना कळलंच नाही. लिंबूही कापलं गेलं होतं.

तुम्हाला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुमच्या शिकवण्याला बोल लागू नये म्हणून. मी रोज ते मनात करून बघते. पाय बरोबर होता. तुम्ही लिहिलं होतं तसाच, डावा मागे रोवलेला, उजवा पुढे. तो कागद मी अजून जवळ ठेवला आहे, पुन्हापुन्हा ताडून बघते. म्हणजे पाय नाही चुकला, माझा हातच चुकला. मी शिकण्याच्या लायकीची नव्हते, आठ हातांवर थांबायला हवं होतं. बाबांची बदली झाली ते देवानेच केलं होतं.

तुमच्यावर माझा राग नाही. हे मात्र 'त्या बाईचं' पत्र घरात नको म्हणतात. तेव्हा पुढे लिहू नका.

इंदू

•

लोहगडवाडी
भाद्रपद, सन १९३९

इंदे,

लिवू नको म्हणालीस. हे एक लिवते. हे नवऱ्यालाबी वाचून दाखव.

तुझा हात चुकला न्हाई.

तुझा कागद आला त्या दिवशी मी तीन येळा वाचला. 'डावा मागे रोवलेला, उजवा पुढे' यावर बोट ठेवलं आन ते तिथंच राहिलं. मग अंगणात गेले. पाऊस हुता. फिरकी घेतली आन थांबले. माझा मागचा पाय डावा. बरोबर. मग वर बघितलं, पट्ट्याचा हात कुठला? माझा पट्ट्याचा हातबी डावा.

मी डावरी आहे.

तुला हे ठावं न्हाई. तू समोर उभी राहायचीस, तुला आपल्या बाजूचा हात दिसायचा. कुणालाच ठावं न्हाई, आबा आन सोपान सोडून. दसऱ्यालाबी फिरकीच्या वेगात लोकांना लिंबूच दिसायचं. लहानपणी मी डाव्या हातानं घास घ्यायची म्हणून आजीनं चटके दिले. जेवण, लिवणं, कुंकू लावणं सगळं उजव्या हातावर आणलं. पट्टा तेवढा उजव्यावर येईना. आबा म्हणले, पट्टा तू डाव्यानंच धर, पण डावऱ्या बाईकडं कोण आपली पोरं धाडंल? तू कायम समोर उभी राहा. डावा-उजवा म्हणू नको, लोहगड म्हण. पोराला वाटंल आरसा आहे. म्हणून ती गडाची रीत. पोरांच्या ध्यानात राहावं म्हणून न्हाई, माझं झाकायला. मी तुला पैल्या कागदात ती आबांची हुशारी म्हणून सांगितली. मलाबी तीस वर्षांत तशीच वाटायला लागली हुती.

तू इचारलंस डावा का उजवा. मी माझ्या पायाकडं बघितलं. तुझ्या पायाकडं बघायला पायजे हुतं.

तुझा पट्टा उजव्या हातात, तुझा मागचा पाय उजवा. मी उलटा लिवला. एक वीत पुढं जाईल हे मीच लिवलं हुतं त्याच कागदात. ओट्यावर ठिणगी उडाली तवा मी तिथं असते तर पैल्या लिंबाला पाय बघून तुझ्या पोटरीवर छडी मारली असती. समोर उभी असते तर चुकलंच नसतं. लिवून पट्टा येत न्हाई असं म्हणलेली बाई मी. आबांचं नाव छापणार म्हणालीस आन मी लिवला.

आन घरच्याच्याच हातावर लिंबू ठेव, हेबी मीच सांगितलं. न्हाईतर परक्याची पोर असती. तेबी बरं नव्हतं. यातनं बरं काय निघतंय ते बघते, न्हाई निघत.

पट्टा तलावात टाकला ते चांगलं केलं. माफ कर म्हणत न्हाई. तसलं मागायला तोंड लागतं.

पोरीला सांग, तिच्या आईचा हात सरळ हुता.

सरू

•

लोणावळे
ता. १४ जानेवारी १९४१

सरूआजींना नमस्कार.

मी नीरजा. माझे अक्षर वाकडे आहे कारण मी डाव्या हाताने लिहिते. आता पुष्कळ बरे येते.

तुमचे पत्र बाबांनी आधी वाचले आणि पेटीत ठेवून दिले. आईला ते सव्वा वर्षाने दाखवले, मागच्या महिन्यात. तोपर्यंत आई रोज संध्याकाळी अंगणात पाय मागेपुढे करून बघायची. पत्र वाचल्यावर ते बंद झाले. आई रडली नाही. ती आता शाळेत जात नाही. लिंबू घरात आणत नाही. मला आमटीत लिंबू आवडते पण मी सांगत नाही.

हे पत्र आईला माहीत नाही, बाबांनाही नाही. पत्ता पेटीत होता.

वर्गात मुली मला डावरी म्हणतात. तुम्हीसुद्धा डावऱ्या आहात असे पत्रात आहे. तुम्ही डाव्या हाताने तीस वर्षे शिकवलेत. मला लिंबू कापायचे नाही. फक्त पहिला हात शिकायचा आहे. लाटण्याने करीन.

पहिला पाय कुठला ते कळवा.

तुमची,
नीरजा

•

परंदवडी
माघ, सन १९४१

नीरजा,

तुझा कागद लोहगडवाडीला गेला, तिथनं बजरंगनं बाजारच्या दिवशी सोमाटण्यात आणून दिला. मी आता तिथं राहत न्हाई. तालमीचं छप्पर गेल्या पावसाळ्यात बसलं. मारुती देवळात नेला. जागेत आता गवताच्या पेंढ्या रचतात. सोपानला लष्कराच्या डेपोत काम लागलं, तो मला हिकडं घेऊन आला. सून चांगली आहे. मला काम करू देत न्हाई. बसून बसून माझी बोटं कापतात, डाव्या हाताची जास्त. पेला धरते तर पाणी सांडतं. ह्या हाताकडनं तू शिकायचं म्हणतीस.

तुझं अक्षर माझ्यापरास चांगलं आहे. जोडाक्षरं सगळी बरोबर.

पैला पाय इचारलास. काल इथल्या अंगणात काठी घेऊन उभी राहिले. पैला पाय लोहगडाचा. मी लोहगड हुडकला. हितं समोर शेत, मागं शेत, गड दिसत न्हाई. पाय उचललाच न्हाई माझा. उभी राहिले तशीच. नात म्हणली, आजी, काय हरवलं?

डावा म्हणून लिवता आलं असतं. तुझा हात डावा, माझा हात डावा, ह्या येळेला चुकणार न्हाई असं तुला वाटंल. मलाबी वाटलं. पण मी एकदा लिवला तेवढा पुरे. ह्या हातानं पुन्हा कुणाचा पाय कागदावर लिवणार न्हाई.

आन आणखी एक आहे. रागावू नको. मी तीस वर्षं जे शिकवलं ते समोर उभी राहून. माझा डावा, पोराचा उजवा. मला दुसरी रीत येत न्हाई. तुला शिकवायचं तर मला तुझ्याकडं पाठ करून उभं राहावं लागंल. पाठ केली की मागं कोण कसं चुकतंय ते दिसत न्हाई. तुझ्या आईला मी नववा हात शिकवला तो पाठ करूनच, तीन कोसांवरनं.

तुला समोर उभी राहणारी पायजे. उजव्या हाताची. आठ हात येणारी, तुझ्या उंचीला वाकून बघणारी. तशी माझ्या हाताखाली एकच झाली. बाकीचे मेले, दारूत गेले, पोलिसात गेले. ती तुझ्या घरात भाकरी करती.

तिला इचारू नको. काठीबी तिच्यापुढं धरू नको. तू हसत तळवा धरला हुतास, ते तिला पुन्हा दिसंल.

शिकायचं राहू दे. आमटीत लिंबू पायजे असलं तर शेजारी जाऊन खा.

सरूआजी